लेकीच्या खाडीचं हिरवं पाणी

दसऱ्याच्या आधीच आम्ही लेकीची खोली रंगवून घेतली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा आमच्याकडचा रिवाज. एकुलती एक लेक, तीही नाशिक सोडून थेट समुद्राकाठी दिलेली, त्यामुळे रिवाज नसता तर तो मी पाडला असता. सातवा लागला की जाऊन ओटी भरायची, तिला घेऊन यायचं, मग दिवाळी इथं, बाळंतपण इथं, बारसं इथं, असं सगळं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. खोलीला मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पिस्त्याचा रंग पसंत केला. मी म्हटलं, "बाळाची खोली हाय, जरा गुलाबी-बिलाबी बघा." ते म्हणाले, "हिरव्यानं डोळे निवतात." जगातली कुठलीही गोष्ट हिरवी असली की त्यांना ती चांगलीच वाटते. भाजीवाल्याचा जन्म, दुसरं काय!

आमचं शेत नाशिकच्या पूर्व अंगाला आहे, गंगेपासून फार लांब नाही. गोदावरी म्हणायचं ते कागदावर. इथं सगळे गंगाच म्हणतात. मेथी, कोथिंबीर, कोबी, फ्लॉवर आणि सणाच्या बेतानं झेंडू. मालक पिकवतात, मी विकते. बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारात माझी बसायची जागा ठरलेली आहे. माझा आवाज पुलाच्या त्या टोकाला ऐकू जातो, असं शेजारच्या बायका म्हणतात. घरातही तोच आवाज चालतो. मालक कमी बोलतात, म्हणून आमचं निभलं.

लेक सातपूरच्या एका कारखान्यात कामाला होती, तिथंच जावयाशी जुळलं. मुलगा कोळ्यांचा, कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावचा. मालकांनी हो म्हणायला वेळ घेतला. म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पण लय लांबचा हाय." लग्न झालं आणि वर्षभरात जावयाचे वडील वारले. आईला एकटं कसं ठेवायचं, म्हणून दोघं नोकरी सोडून गावी गेली आणि त्यांनी खाडीत पिंजरे टाकले. फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "पाण्यात पिंजरा? पोपट पाळले का काय?" मग तिनं समजावून सांगितलं. पिंपांवर तरंगणारी चौकट असते, तिच्याखाली पाण्यात जाळं सोडलेलं असतं, आणि त्या जाळ्यात जिताडा नावाच्या माशाची बोटभर पिल्लं सोडून ती खाऊपिऊ घालून मोठी करायची. मालक शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी शेतीच हाय की." त्या दिवशी त्यांचा जावयावरचा राग निम्मा उतरला.

उरलेला निम्मा त्यांनी दुसऱ्या वाटेनं काढला. आमच्या घराण्यात जुनी पद्धत आहे: लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता कोणी पाळत नाही. मालकांच्या थोरल्या भावानं तर लेकीच्या लग्नानंतर आठवड्याभरात तिच्याकडे पुरणपोळी हाणली होती. पण मालकांनी पद्धत घट्ट धरली. लग्नानंतर एकदाच आम्ही गेलो, भर पावसाळ्यात. खाडी तेव्हा चहासारखी गढूळ होती. मालक भाकरीचं गाठोडं आणि आमच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन घेऊन गेले होते आणि गाडीच्या मागच्या उघड्या फाळक्यावर बसून जेवले होते. मी मात्र पहिल्याच पंगतीला पाटावर बसले. नियम बापाला आहे, आईला नाही, असा मी माझ्या सोयीनं अर्थ लावला.

दसरा झाला, झेंडू संपला आणि आम्ही लेकीला आणायला निघालो. मोकळी गाडी न्यायची नाही, हा मालकांचा कायमचा नियम. पिकअपमध्ये कॅरेटवर कॅरेट चढले. टोमॅटो भरायच्या प्लास्टिकच्या जाळीदार पेट्यांना आमच्याकडे कॅरेट म्हणतात. विहीणबाईंच्या घरात खाणारी तोंडं तीन, आणि यांनी कोबी-फ्लॉवर अख्ख्या गावाला पुरेल एवढा घेतला. नाशकातच, द्वारकेच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकलो तेव्हा ते म्हणाले, "पोरीला पाठीमागं टेकायला उशी घेतली का?" मी म्हटलं, "घेतली." कसाऱ्याचा घाट उतरताना पुन्हा विचारलं, "उशी घेतली ना?" मला हसू आलं, पण उत्तर दिलं. माणूस बोलत नाही म्हणजे त्याच्या मनात काही नसतं, असं थोडंच आहे.

खाडी दिसली तशी मालकांनी गाडी थांबवली आणि उतरून काठाला गेले. पाणी हिरवंगार होतं. पालकाची पातळ भाजी आटून घट्ट व्हावी, तसं. काठाला पिवळट फेस साचला होता. आमची गाडी पाहून लेक आणि विहीणबाई घरातून बाहेर आल्या. मालकांचा चेहरा खुलला होता. ते मोठ्यानं म्हणाले, "काय हिरवं हाय, विहीणबाई! लय भारी! मागच्या टायमाला नुसता गाळ होता. यंदा तुमची खाडी लय खुलली!"

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "आबा, आधी घरात चला बरं." काय चुकलं ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही. सोयऱ्यांशी माणसं तोंडदेखलं गोड बोलतात ते मी पुष्कळ पाहिलंय, पण मनापासून गोड बोलून कोणी कुणाच्या जखमेवर मीठ चोळलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

जेवायला वरणभात, पापड आणि आमच्याच फ्लॉवरची भाजी होती. मला आश्चर्य वाटलं. लेक महिनाभर फोनवर एकच गोष्ट सांगत होती: तिला तिसऱ्यांचे डोहाळे लागले होते. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात मिळणाऱ्या शिंपल्या. आत बोटाच्या पेराएवढा मऊ जीव असतो. नाशकात वाढलेली पोर, लग्नाआधी तिनं कधी शिंपली पाहिली नव्हती, पण डोहाळ्यांना कुठं गाव असतं! आणि सासू आणून देत नाही, हेही तिनं सांगितलं होतं. माझ्या मनात ते सलत होतंच. मी ताटावरच तोंड उघडलं.

"विहीणबाई, पोटुशी बाई तोंडानं मागती आन् दारात खाडी. ओंजळभर तिसऱ्यांना काय सोनं लागलंय का?"

विहीणबाई वाढता वाढता थांबल्या. "सोनं नाही लागलं हो," त्या म्हणाल्या. "विष लागलं असेल तर काय करू?"

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. शिंपली दिवसभर पाणी गाळून त्यातलं खात असते. पाणी असं हिरवं किंवा तांबडं झालं की ती तेच खाते. कधी त्यात विष असतं, कधी नसतं. असलं तर शिंपलीला काही होत नाही, तिच्या अंगात ते साठून राहतं, आणि खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात, हातपाय लुळे पडतात, श्वासही अडकू शकतो. उकळून, परतून ते जात नाही. "दरवेळी असतंच असं नाही," त्या म्हणाल्या. "पण कोणत्या वेळी आहे ते डोळ्यांना दिसत नाही. माझ्या नातवंडावर मी खेळ करून बघायचा का? सुनेला नाही देत म्हणून मीही नाही खाल्ल्या. आम्हा कोळणींना तिसऱ्यांशिवाय राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं."

माझा आवाज आपोआप खाली आला. मी त्यांच्या हातातलं वाढणं घेतलं आणि त्यांना माझ्या शेजारी बसवलं. आपल्या लेकीला आपल्याइतकं जपणारं माणूस भेटलं, तर बाईनं देवापुढं आणखी काय मागायचं असतं?

बाहेर मालक फाळक्यावर बसून त्यांची भाकरी खात होते. लेक हळूहळू चालत त्यांच्याजवळ गेली आणि गाडीला टेकून उभी राहिली. मी मागून उशी घेऊन गेले.

ती म्हणाली, "आबा, मेथीत तण माजलं तर काय होतं?"

"मेथी दबती. दुसरं काय व्हणार?"

"हे तणच हाय. समुद्रातलं."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "तण? मला तर कुठं पान दिसत नाय."

"एकेक रोप डोळ्याला दिसणार नाय एवढं बारीक असतं. थोडं असलं तर चांगलंच असतं, आबा. समुद्राचा चाराच तो. बारके जीव ते खातात, त्यांना मासे खातात. पण एकदम माजलं की घात होतो. दिवसा ऊन असतं तोवर ते पाण्यात प्राणवायू सोडतं. रात्री तेच उलटं ओढून घेतं. मग मरतं, कुजतं, आन् कुजताना राहिलेला प्राणवायू पण संपवतं. मोकळा मासा दुसरीकडं निघून जातो. पिंजऱ्यातला कुठं जाणार?"

मालकांचा घास हातातच राहिला. आपण मघाशी काय बोललो ते त्यांना आत्ता उमगलं असावं. त्यांनी एकदा घराच्या दाराकडे पाहिलं. मग विचारलं, "आन् माजतं कशानं?"

"तण कशानं माजतं, तुम्हीच सांगा."

"खतपाणी मिळालं की माजतं."

"तेच. पावसात डोंगरापासून सगळी शेतं धुऊन निघतात, पिकाला लागलं नाय ते खत नदीतून खाली येतं. गावांची, शहरांची गटारं येतात. पाऊस उघडला, ऊन पडलं, वारा पडला, की उगवतं. कधी कधी समुद्र स्वतःच तळाचं पाणी वर आणतो, त्यातही खत असतं. तेव्हा कोणाचाच दोष नसतो. यंदा आमच्याकडं कशानं किती, ते मला नाय सांगता येणार. आपल्या गंगेवर पाणवेली माजतात ना, तसंच समजा."

"युरिया पण येतो?"

"युरिया, डीएपी, सगळंच."

एरवी शेतकऱ्याला कोणी बोल लावला की मालक कमी बोलणारे असूनही भांडतात. त्या दिवशी त्यांनी नुसती उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मला ते भांडले असते तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात जावई होडी घेऊन काठाला आला. रोज पहाटे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते, कालपासून काही उलटे तरंगायला लागले होते. मोठे झालेले मासे आजच, ऊन आहे तोवर काढून विकायचे, असं त्यानं ठरवलं होतं. तालुक्याहून बर्फ आला होता. पण एवढा मासा एकदम काढायची वेळ येईल असं कोणाला वाटलं होतं? पेट्या कमी पडत होत्या. मालक एकदम उठले आणि कॅरेट रिकामे करायला लागले. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, सगळं विहीणबाईंच्या ओसरीवर. घरात जायला वाट उरली नाही. विहीणबाई त्या ढिगाकडे पाहून हसल्या, त्या दिवसातलं पहिलं हसू.

मालकांनी जन्मात मासा हातात धरला नव्हता. पहिला जिताडा त्यांनी उपरण्यात असा धरला, जसा काही तो चावणार आहे. दुसरा तसाच धरला. मग उपरणं खांद्यावर टाकलं आणि कामाला लागले. टोमॅटोची प्रतवारी करावी तशी त्यांनी माशांची केली, मोठा एका बाजूला, मध्यम एका बाजूला. जावई भराभर भरायला लागला तर त्याला थांबवून म्हणाले, "जावईबापू, मोठा वर घ्या. खाली दबतो, मंग गिऱ्हाईक भाव पाडतं." तळाला बर्फ, वर माशांचा थर, पुन्हा बर्फ. लेक पाटावर बसून बर्फाचे तुकडे टाकत होती. मी तिला दहा वेळा म्हटलं, आत जा. तिनं एकदाही ऐकलं नाही.

ऊन मी म्हणत होतं. मालकांचा कॅन संपला. माशांचा चिकटा हाताला लागलेला, तो धुवायलाच त्यांनी अर्धं पाणी घालवलं होतं. सदरा अंगाला चिकटला होता, ओठ सुकले होते. लेक आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"घ्या, आबा."

"बाळ झाल्यावर पिईन, पोरी. पद्धत हाय."

"मंग मी पण बाळ होईपर्यंत तुमच्याकडचं पाणी पिणार नाय. पद्धत दोन्ही बाजूंनी पाहिजे." तांब्या तिनं तसाच पुढं धरून ठेवला. भांडखोर आईची लेक ती. डोळे मात्र भरलेले होते.

मालकांनी तांब्या घेतला, तोंड वर केलं आणि घटाघटा सगळा संपवला. मग रिकामा तांब्या तिच्या हातात देऊन म्हणाले, "गोड हाय की पाणी." त्या रात्री ते न बोलावता पाटावर येऊन बसले आणि मीही काही बोलले नाही. काही वेळा माझ्यासारखीलाही गप्प बसायचं कळतं.

मोठे मासे विकले गेले. बारके राहिले, त्यांना अजून कोण घेणार? सकाळी आम्ही काठाला गेलो तेव्हा पिंजऱ्यात पांढरी पोटं दिसत होती. जावयानं आणि त्याच्या चुलतभावानं उरलेले पिंजरे होडीला बांधून खाडीच्या तोंडाकडे ओढून नेले, तिथं भरती-ओहोटीचं पाणी जास्त फिरतं म्हणून. मेलेली पिल्लं विहीणबाईंनी टोपल्यात भरली आणि नारळाच्या मुळाशी पुरली. मी त्यांना माती लोटायला मदत केली. त्या म्हणाल्या, पूर्वीही पाणी रंग बदलायचं. काही वर्षी अंधारात निळं चमकतं, तेव्हा लांबून लोक गाड्या करून बघायला येतात, फोटो काढतात. "बघणाऱ्याला छान दिसतं," एवढंच म्हणाल्या. मालक जवळच उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

दुपारी ओटी भरली. हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ, आमच्या शेतातला शेवटचा झेंडू. लेक फार सुंदर दिसत होती. हे मी आई म्हणून सांगत नाही, कोणीही सांगितलं असतं. मी तिच्या कानामागं काजळाचा ठिपका लावला आणि म्हटलं, "चला आता, बॅग आण."

ती उठली नाही.

"आई, मी आत्ता नाय येत."

"आत्ता नाय म्हंजी? दिवाळीला कोण आणणार तुला?"

"दिवाळीला पण नाय. बाळंतपण इथंच करू." माझ्या हातावर हात ठेवून ती बोलत होती. "राहिलेल्या पिल्लांकडं रोज पहाटे बघायला लागतं. पाणी पुन्हा कधी बिघडेल सांगता येत नाय. हे होडीवर असतात. आईंचे गुडघे गेलेत. काठावर बसून पाण्याकडं बघणं, मीटर टाकून प्राणवायू बघणं, ते माझं काम हाय. मी गेले आन् राहिलेला माल पण गेला, तर पुढच्या वर्षी पिल्लं कशातून टाकायची?"

मी भडकले. बाजारातला सगळा आवाज लावला. मासे मोठे का बाळ मोठं, खोली रंगवली ती काय भिंतींसाठी, लोकांना काय सांगू, जे तोंडाला आलं ते बोलले. विहीणबाई खाली मान घालून बसल्या होत्या. लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "माझ्या वेळी आजी तुला न्यायला आली होती ना?"

मी हातातली काजळाची डबी खाली ठेवली.

आली होती. माझी आई देवळ्याहून एसटीनं आली होती, ओटी घेऊन. तेव्हा आमची कोथिंबीर फुलावर यायला टेकली होती. दोन-तीन दिवसांत उपटली नाही तर माती. मी आईला म्हटलं, जुड्या बांधून होऊ दे, मग येते. जुड्या झाल्या तर मेथी आली. कळा सुरू झाल्या तेव्हा मी वाफ्यातच होते. ही गोष्ट मीच लेकीला हजार वेळा हसत हसत सांगितली होती. माझी आई त्या एसटीत एकटी बसून परत गेली तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे मात्र मला त्या दिवशी, त्या ओसरीवर, कोबीच्या ढिगाशेजारी बसून कळलं. मला रडू फुटलं. लेकही रडली. विहीणबाई उठून आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्हीच इकडे या. घर लहान आहे, पण बाळंतिणीला दोन आया मिळतील."

मालक दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "राहू दे तिला," एवढंच म्हणाले. उशी त्यांनी स्वतः नेऊन लेकीच्या खाटेवर ठेवली.

परतीच्या वाटेवर रिकामे कॅरेट मागं खडखडत होते आणि गाडीला माशांचा वास येत होता. घरी आल्यावर मी त्या खोलीचं दार लोटून घेतलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला काळजी नको. पौषात मी डिंकाचे लाडू घेऊन तिकडे गेले आणि सव्वा महिना राहिले. नात झाली. दोघी सुखरूप. तोवर खाडीचं पाणी निवळलं होतं आणि वाचलेली पिल्लं वीतभर झाली होती. मालक बारशाला आले ते सगळ्यांत आधी जेवायला बसले. पण माझ्या मनात राहिलंय ते त्याच्या आधीचं, लेकीला न घेता आम्ही परत आलो त्यानंतरच्या आठवड्यातलं.

कोबीला खत द्यायचं होतं. मालक सकाळी युरियाची गोणी घेऊन शेतात गेले ते न्याहारीला आलेच नाहीत. मी भाकरी घेऊन गेले तर नाल्याकडच्या बांधावर बसलेले. गोणी शेजारी, शिवण न उसवलेली. त्या नाल्याचं पाणी पुढं गंगेला मिळतं.

मी म्हटलं, "अंग दुखतंय का?"

"नाय." मग त्यांनी विचारलं, "आपली गंगा पुढं कुठं जाती गं?"

"लय लांब. पैठण, नांदेड, मंग तिकडं आंध्रात. शाळेत नाय का शिकवलं? पूर्वेच्या समुद्राला मिळती."

"पूर्वेच्या? म्हंजी पोरीच्या खाडीत आपलं पाणी नाय जात?"

"नाय. तिची खाडी पश्चिमेला. त्या नद्याच निराळ्या."

"नक्की?"

"नक्की म्हंजी नक्की."

त्यांनी मोठा श्वास सोडला. इतके दिवस त्यांनी तो छातीत धरून ठेवला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. डोळे पुसत म्हणाले, "मला वाटलं, मीच थांबवली तिला. मीच युरिया टाकायचा आन् मीच खोली रंगवून वाट बघत बसायचं." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बांधावर, उघड्यावर, लोक बघतील याचाही विचार केला नाही. मला फार माया आली त्यांची.

मग ते उठले. गोणीच्या शिवणीचा दोरा धरला, ओढायला लागले आणि मध्येच थांबले.

"पण तिकडं पूर्वेला पण खाड्या असतील ना?"

"असतील की. समुद्र म्हटल्यावर असणारच."

"तिकडं पण कुणी पिंजरे टाकत असंल."

"असंल."

त्यांनी दोरा सोडून दिला आणि नाल्याच्या पाण्याकडे बघत राहिले. "मंग तिकडं कुणाची तरी लेक थांबली असंल, माहेराला यायची."

मी भाकरीचं फडकं सोडलं. "असंल," मी म्हटलं, आणि त्यांच्याशेजारी बसले.